शिळे ठोके

आमच्या शेजारच्या भाऊजींना सगळी इमारत ‘घुम्या’ म्हणते. नाव मीच पाडलंय. दिवसभर दुकानात लोकांचे फाटके सोफे उसवायचे, नवं कापड ताणून ठोकायचं, घरी येऊन जेवायचं. ‘हं’ आणि ‘उंहूं’ एवढ्यावर संसार ओढलाय. ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, “मला होकारसुद्धा मानेनंच दिला होता!”

पण हा माणूस तरुणपणी बास गिटार वाजवायचा. लग्नाच्या पार्ट्या, हॉटेलं, कारखान्यांची संमेलनं. फोटो आहे ना त्यांच्याकडे: पुढे चमचमत्या शर्टातला गायक, मागे अंधारात झाडू धरल्यासारखी गिटार धरून भाऊजी, आणि बाजूला बत्तिशी दाखवणारा ड्रमवाला. बाकीचे पांगले. ड्रमवाला दूरच्या शहरात गेला, तरी दोस्ती तुटली नाही.

परवा त्याचा फोन आला. जिना झेपत नाही, लेकीकडे राहायला जातोय, तिथे ड्रमला जागा नाही. रविवारी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार. “त्याआधी एकदा वाजवू या रे. कंप्युटरवरून वाजवतात म्हणे हल्ली.”

शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात भाऊजी.

“वहिनी, तुमचं इंटरनेट.”

तसंही त्यांच्या घरात आमचंच इंटरनेट चालतं, पण या कामाला वायर लागते म्हणे. आमच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत वायर गेली. वायरीमागून मी गेले. फुकट देतेय म्हटल्यावर तमाशा तरी बघायला नको?

आधी गिटारची जाड पिन कंप्युटरच्या बारीक भोकात जाईना. जोडणी लावून घुसवली, तर बास गुळण्या केल्यासारखा वाजला. ताई म्हणाली, “तरीच तुम्हाला मागे उभं करायचे!” भाऊजी मुकाट्यानं बाजारात गेले आणि गिटार कंप्युटरला जोडायची एक डबी घेऊन आले. गिटार डबीला, डबी कंप्युटरला, डबीलाच स्पीकर. तार छेडली आणि टेबलावरचे कप थरथरले. मी गप्प झाले, यावरून काय ते समजा.

पडद्यावर ड्रमवाला उगवला. डोक्यावर केस नाहीत, बत्तिशी तीच, निदान तशीच.

“एक, दोन, तीन, चार!”

आणि सगळा बट्ट्याबोळ. त्याचा ठोका इथे पोचेपर्यंत शिळा व्हायचा. भाऊजी त्यावर वाजवायचे, ते तिकडे आणखी शिळं होऊन जायचं. मग हा त्याच्यासाठी थांबतोय, तो याच्यासाठी थांबतोय. गाणं रांगायला लागलं.

“अरे, कुठे झोपलास?” तिकडून आवाज.

“तूच,” भाऊजी म्हणाले.

दोनदा, तीनदा, तेच. ड्रमवाल्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. “जाऊ दे गड्या. नशिबात नाही.”

भाऊजींनी स्पीकरचं बटण चाचपलं. मग म्हणाले, “तू मला ऐक. मी तुला ऐकत नाही.” एकानं कान बंद केले की थांबायचा प्रश्नच नाही. स्पीकरमधला मित्राचा आवाज त्यांनी पार शून्यावर नेला, पडद्याकडे पाठ केली आणि सुरू झाले.

खोलीत नुसता बास. मधे ते हलकेच मान झुकवत, कुणाला तरी वाट देत. त्यांच्या खांद्यामागे पडद्यावर तो म्हातारा घामाघूम होऊन बडवत होता, हसत होता, आणि आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. ताईनं पदर तोंडाला लावला.

संपलं. आवाज सुरू केला तर तो नाक ओढत होता. “अगदी हॉटेलात वाजवायचो तसं रे! आता उलटं. मी कान बंद करतो, तू ऐकत वाजव.”

आणि ड्रम वाजायला लागले. काय सांगू, खिडकीची काच हलत होती. भाऊजींनी पुन्हा पडद्याकडे पाठ केली, गिटार मांडीवर घेतली, बोटं तारांवर टेकवली आणि तशीच ठेवली. डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटपर्यंत एक तार म्हणून छेडली नाही.

“जमलं?” त्यानं आवाज सुरू करून धापा टाकत विचारलं.

माझी जीभ वळवळली. ताईनं माझा हात घट्ट धरला. आणि जन्मात दोन वाक्यांपुढे न गेलेला आमचा घुम्या चक्क बोलायला लागला, “जमलं म्हणजे काय! सुरुवातीला मी जरा घाई केली, पण तू धरून ठेवलंस. मधे तर मी पार चुकलो होतो, तू सांभाळून घेतलंस.”

“तू काय सुधारणार लेका!” पलीकडून तो खदखदून हसला.