बाराव्या आवर्तनाआधी मी उठलो

मी श्रीकांत वासुदेव खळदकर. वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका खासगी कंपनीत लेखाधिकारी, राहणार बिबवेवाडी. ही पोस्ट मी एका अवयवाविषयी लिहीत आहे, ज्याचे नाव चारचौघांत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही... प्रोस्टेट.

असे काही लिहू नये, असे घरातल्या दोघांनी सुचवले. सूचना वाचली. नामंजूर.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर संकष्टीला सायंकाळी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने होतात. मोजणी माझ्याकडे असते. प्रत्येक आवर्तन संपले की एक सुपारी या वाटीतून त्या वाटीत... गेल्या अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. अट एकच, मध्ये उठायचे नाही.

मागच्या वर्षापासून मला ते जमेनासे झाले होते. लघवीची घाई, मग धार बारीक, मग पुन्हा तासाभरात घाई. मी त्यावर स्वतःच एक उपाय शोधला. पाणी बंद. संकष्टीला दुपारी बारानंतर घोटभरही नाही. एरवी ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून पाण्याच्या जागी चहा... मोजले तेव्हा सहा कप निघाले.

या हुशारीचा निकाल सोनोग्राफीत लागला. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक होती. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणे स्वच्छ. "काका, ग्रंथी वयाने वाढते, त्यात तुमचा दोष नाही. पण पाणी तोडणं, चहा ढोसणं आणि रोखून धरणं, हे तिन्ही उद्योग तुमचे."

त्यांनी गोळी दिली आणि शिस्त सांगितली. दिवसा पाणी व्यवस्थित, झोपण्याआधी दोन तास कमी. चहा दोनच कप. रोज चालणे, बद्धकोष्ठता होऊ न देणे, सर्दीची गोळी परस्पर न घेणे (तिनेही लघवी अडते). याने ग्रंथी लहान होणार नाही, त्रास मात्र कमी होईल... असेही स्पष्ट सांगितले. आणि शेवटी, "यापुढे रोखून धरायचं नाही. कुठेही असलात तरी. नाहीतर एक दिवस लघवी पूर्ण अडेल आणि नळी घालायला माझ्याकडेच याल."

कुठेही असलात तरी. हे शब्द घेऊन मी गेल्या संकष्टीला हॉलमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी पाणी व्यवस्थित प्यायलो होतो.

अकरावे आवर्तन संपले. सुपारी ठेवली आणि लक्षात आले की आता थांबणे शक्य नाही. शेजारी अप्पा होते, माझे सख्खे चुलते, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक. मध्ये उठायचे नाही, ही अट त्यांचीच.

मी उठलो. अप्पांनी डोळे न उघडताच विचारले, "कुठे निघालात, श्रीकांतराव?" मला ते एरवी अरे-तुरे करतात. 'राव' लागले की समजावे.

पोट बिघडले, फोन आला, असे काहीही सांगता आले असते. मी सांगितले, "लघवीला, अप्पा. प्रोस्टेट वाढलंय. डॉक्टरांनी रोखायला मनाई केली आहे."

"मग गणपतीला थांबायला सांगू का?" अप्पा म्हणाले.

"सांगा. तो थांबेल. मूत्राशय थांबत नाही... आणि अकरा झाली आहेत, बारावं मी आल्यावर."

इतक्या वर्षांत त्यांना असे उत्तर मी प्रथमच दिले असेल. दिले आणि गेलो.

स्वच्छतागृहातून बाहेर आलो तर दारात रांग. पुढे बी विंगमधले कुलकर्णी, बँकेतून निवृत्त झालेले. "सरका हो लवकर, भाषण नंतर करा." त्यांच्यामागे आणखी एक गृहस्थ, भिंतीकडे बघत. आणि त्यांच्यामागे... अप्पा.

आम्ही परत बसेपर्यंत बायकांच्या रांगेत हसू पसरले होते. आमच्या सौभाग्यवती मोठ्याने म्हणाल्या, "आम्ही लागलं की आपलं उठून जातो. तुमचं काय अडत होतं?" मी सुपाऱ्यांची वाटी पुढे ओढली. एकवीस आवर्तने पूर्ण झाली, मोजणी बिनचूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन. "तुझ्या त्या डॉक्टरकडे नंबर लावायला किती वाजता जावं लागतं?" इतकेच.

काल आम्ही दोघे गेलो. स्वागतकक्षातल्या मुलीने हळू आवाजात विचारले, "आजोबा, काय त्रास होतोय?" आणि अप्पांनी, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा शाळेतल्या आवाजात सांगितले, "लघवीचा! सहा वर्षं!" सगळी माणसे वळून बघू लागली. अप्पा ताठ उभे होते.

हे सर्व त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. "वय, हुद्दा सगळं घाल," असे ते म्हणाले. आता कोणाला या पोस्टची लाज वाटत असेल तर ती त्यांनी खुशाल स्वतःजवळ ठेवावी.

मला लाज वाटली ती एकाच गोष्टीची, आणि तीही तिथेच, दवाखान्याच्या बाकावर. सहा वर्षे दर संकष्टीला मी अप्पांच्या मांडीला मांडी लावून बसलो... आणि सुपाऱ्या मोजत राहिलो.

श्रीकांत वासुदेव खळदकर
बिबवेवाडी, पुणे
रविवार, सकाळ