मामाच्या आवाजात केलेला फोन

शेळगावात कुणाच्याही घरी बारसं असो नाहीतर वास्तुशांत, जेवणं उरकली की मला मधी बसवतात आणि आवाज काढायला लावतात. एसटीचा कंडक्टर, निमगावच्या बाजारातली मिरचीवाली, सगळी काढतो. शेवटची फर्माईश मात्र ठरलेली, "आता मामा काढ रं!" मामा म्हणजे छाती पुढं आणि आवाज असा की बांधावरनं हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला बैल मान वर करतो. मी "ए भाच्याऽऽ" म्हणलं की मामीसुद्धा हातातलं टाकून दारात यायची.

त्या मामाला डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट दाखवला. "बास आता. एकदा सोडली म्हणून भागत नाही, सुटलेली राहिली पाहिजे. दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग असते, तिथं जात जा," म्हणाले आणि एक नंबर दिला. पंधरा दिवस मामानं थेंब घेतला नाही, पण नंबरही लावला नाही. नुसता खिशात घालून फिरला. शेवटी मामीनं मला बोलावलं. "तू लावून दे बाबा. न्हायतर हे परत बसत्यात त्या ढाब्यावर."

मी मामाला ट्रॅक्टरच्या शेडमधी गाठलं. नंबर लावला, स्पीकर चालू केला, मोबाईल पुढं केला. मामा मागं सरकला.

"तूच बोल."

"आरं, त्यांना तू पायजेस."

"मग मी होऊन बोल. एरवी फुकट काढतोस, आज कामाला काढ."

तेवढ्यात तिकडनं फोन उचलला. मग काय, मी छाती पुढं काढली. "हॅलोऽऽ! शेळगावातनं बोलतोय!"

तिकडचा माणूस शांत आवाजाचा. किती घेत होता, विचारलं. मी मामाकडं बघितलं. मामानं हातानं बाटलीची उंची दाखवली, माझ्या तोंडाकडं बघून हात अजून वर नेला. मी सांगून टाकलं. मग त्या माणसानं विचारलं, "तुम्हाला स्वतःला सोडावी वाटते का?"

मामा ट्रॅक्टरच्या टायरकडं बघायला लागला. "इचार करून सांगतो!" मी मामासारखा ओरडलो.

"विचार करायलाच या," तो हसला. "गुरुवारी संध्याकाळी इंदापूरला मीटिंग असते, त्याच वेळी बारामतीलाही असते, मी तिथं असतो. इंदापूर जवळ पडेल तुम्हाला."

इंदापूरचं नाव ऐकून मामा दोन्ही हातांनी नको नको करायला लागला. मी म्हणलं, "बारामतीलाच येतो!"

गुरुवारी गाडीवर मी म्हणलं, "पिताना इंदापुरात लाज वाटली न्हाय, सोडताना वाटायला लागली व्हय?"

"गप गाडी चालव. तितं निम्मा तालुका वळखीचा हाय."

बारामतीत मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. बाकं बारक्या पोरांची, त्यामुळं मामाचे गुडघे हनुवटीला लागत होते. चहा वाटणारा माणूस आमच्यापाशी आला आणि कप तसाच धरून बघत राहिला. वरकुट्याचा डाळिंबवाला! मामाच्या चांगल्या ओळखीचा.

"पाव्हणं, तुमी हितं?"

"तुमी हितं कसं?"

"इंदापुरात कोणतरी बघंल म्हणून हितं येतो."

मामा त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

फोनवरचा माणूसही भेटला. "शेळगाव ना? फोनवर लई खणखणीत बोलत होता." मामानं माझ्याकडं बघितलं, मी छताच्या पंख्याकडं. त्या दिवशी घरच्यांनाही बसू देत होते. हितं ऐकलेलं हितंच ठेवायचं, असा नियम सांगितला. सांगताना सगळे माझ्याकडंच का बघत होते, कुणास ठाऊक.

एकेक जण बोलत गेला. मामाची पाळी आली. त्यानं मला कोपर मारलं. "बोल की."

घशात आवाज तयार होता. एक "रामराम मंडळीऽऽ" ठोकली असती तर वर्ग हसला असता, मामा सुटला असता, आम्ही हसत घरी गेलो असतो. आणि पुढच्या गुरुवारी मामा काय आला नसता.

"मामा, आज न्हाय येत मला तुझा आवाज," मी म्हणलं.

मामा उठला. बोअरची मोटर चालू केली की पाइप आधी नुसती हवा टाकतो, मग गढूळ चिळकांडी, मग बारीक धार लागते, तसं झालं. काय बोलला ते सांगत नाही, नियम हाय. पण आवाज बारीक होता, कापरा होता, आणि मी कधीच ऐकला नव्हता. इतकी वर्षं मी काढत होतो तो प्यालेल्या माणसाचा आवाज होता. गावाला तोच माहीत, मलाही तोच.



पुढच्या गुरुवारी दुपारी फोन आला. नंबर अनोळखी, आवाजही बारीक.

"गाडी काढतोस का? मीटिंग हाय."

"कोण बोलतंय?"

"मामा."

माझ्यासारखाच आवाज काढणारा कोणतरी पोरगा असणार. "आरं जा! आमच्या मामाचा आवाज मी काढतो, मला शिकवतोस व्हय?"

तिकडनं हसण्याचा आवाज.

"गाढवा, मीच हाय. मोबाईल चार्जिंगला हाय, म्हणून शेजारच्याचा घेतलाय. ये लवकर. आन् आज तू भाईरच बस, मला जरा मोकळं बोलायचं हाय."