सुनीतांची शिकवणी

मी कुठलंही काम यादी करून करतो. लग्नाची मागणी घालायलाही मनात यादी करूनच गेलो होतो.

पुण्याहून बी. ए. होऊन भोरला परतलो त्या वर्षी आमच्या आळीतल्या, संस्थानच्या कचेरीतल्या एका कारकुनांनी मुलीला इंग्रजी शिकवायला सांगितलं. ती घरूनच परीक्षेला बसणार होती. ओसरीवर मी, समोर ती, आणि दारात तांदूळ निवडत तिची आई. पुस्तकात राणी एलिझाबेथच्या काळातली सुनीतं होती. एकाच स्त्रीसाठी एकाच कवीनं एकामागून एक लिहिलेली. ती बर्फासारखी थंड, हा जळतोय. तिचे डोळे तारे, ह्याला झोप नाही. अर्थ कवीचा सांगत होतो, कान माझे तापत होते.

एका दुपारी तिनं पुस्तक मिटलं. "हा एवढा रडतो, त्यापेक्षा तिच्या वडिलांना जाऊन सरळ विचारत का नाही?"

तिची आई हसली. ती मात्र हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी त्याचा एकच अर्थ घेतला.

घरी कुणाला न सांगता दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांसमोर उभा राहिलो. नोकरीची आशा, शेतातला वाटा, तब्येत, व्यसन नसणं, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोत्र विचारलं. आडनावं वेगळी, म्हणून ते माझ्या यादीत आलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांचंही तेच निघालं. एक गोत्र म्हणजे भाऊबहीण. त्या काळी बोलणं तिथेच संपायचं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाठीवर थाप मारली.

"मग तू तिचा भाऊच की रे. बरं झालं, हिला सख्खा भाऊ नाही."

त्या कवीला निदान नकार तरी तिच्याकडून मिळत होता.

मार्गशीर्षात तिच्या लग्नाला नसरापूरहून वऱ्हाड आलं. मंडप, आचारी, बैलगाड्या, सगळी व्यवस्था माझ्यावर सोपवलेली. ती मी चोख केली. होमाच्या वेळी भटजींनी वधूच्या भावाला बोलावलं. वधूच्या ओंजळीत लाह्या भावानं घालायच्या असतात. तिच्या वडिलांनी मला पुढे केलं. सूप घेऊन मी तिच्यासमोर बसलो. ओंजळ भरली तरी माझा हात थांबेना.

"दादा, पुरे," ती खाली बघत म्हणाली. "सांडतायत."

तोवर तिनं मला कधीच कशानं हाक मारली नव्हती.

त्यानंतर नवरदेवाचा कान पिळायचा, तेही भावाचंच काम. तेही मी केलं.