सासऱ्यांचं मौन

देवाला कमी ऐकू येतं अशी पक्की खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. चिखलीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. समोर माईक असे, पण तो त्यांना आपल्या आवाजाचा अपमान वाटे. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, आवाज राहिला, आणि तो सगळाच्या सगळा आमच्या चर्चच्या वाट्याला आला. रविवारच्या उपासनेत इतरांसाठी करायची प्रार्थना त्यांचीच. आजाऱ्यासाठी मागताना ते देवाला पूर्ण पत्ता देत. ‘हे प्रभू, साखरखेर्ड्याला, बाजारातून आत गेल्यावर पिठाच्या गिरणीला लागून तिसरं घर, निळं दार, तिथल्या मावशीच्या गुडघ्यावर तुझा हात ठेव. डावा गुडघा, प्रभू.’ मग मावशीची म्हैस, भाच्याची दहावी, जावयाची बदली. लहान मुलं झोपून उठत, बायकांचा जीव घरी गॅसवर ठेवलेल्या भाजीत अडकलेला असे, आणि सासरे अजून साखरखेर्ड्यातून निघालेले नसत. तरी लोक येत ते त्यांच्याकडेच. ‘यायची प्रार्थना वर पोचते,’ अशी त्यांची ख्याती होती.

आमचे पाळकसाहेब स्वभावाने गरीब. त्यांनी एकदा सासऱ्यांना तीन दिवसांच्या मौन प्रार्थनेच्या शिबिराला धाडलं. ‘तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची तिथं गरज आहे,’ असं ते म्हणाले. त्यात श्रद्धा किती आणि सुटकेची आशा किती, ते त्यांचं त्यांना माहीत. मला वाटलं होतं, शिबिरवाले यांना पहिल्याच संध्याकाळच्या गाडीने परत पाठवतील. पण चौथ्या दिवशी एसटीतून उतरलेल्या माणसाने मला बघून नुसती मान हलवली. घरी आल्यावर सासूबाईंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. देवापुढे काही मागू नका, काही बोलू नका, नुसतं बसा, असं तिथे कुणीतरी त्यांना शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. ‘जवाईबापू,’ ते मला म्हणाले, ‘इतके साल मी त्याले बोलूच नाही देल्लं. मीच एकटा बोलून राह्यलो होतो.’

सुरुवातीचं त्यांचं मौन मात्र त्यांच्या बोलण्यापेक्षा गोंगाटाचं होतं. सकाळचा चहा झाला की व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि ‘कोनी आवाज करू नका, मी मौनात हाओ’ असं ओरडत. पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होत. कुकरच्या शिट्टीवर बंदी आली आणि आठ दिवस आम्ही दाताखाली कचकचणारी तुरीची डाळ खाल्ली. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात, बौद्ध, दरवर्षी दहा दिवस विपश्यनेला जाणारे. त्यांनी कौतुकाने विचारलं, ‘किती दिवस बसले?’ सासरे म्हणाले, ‘तीन.’ गुरुजी नुसते हसले. ते हसू सासऱ्यांना महिनाभर टोचत राहिलं. ‘त्यायचे दहा असतीन, पन आपल्या तीनाले वजन हाय,’ हे त्यांनी मला चारदा तरी समजावून सांगितलं. पुढे दोघं एकाच व्हरांड्यात खुर्च्या लावून बसू लागले, आणि आधी डोळे उघडेल तो हरला असं काहीतरी दोघांच्या मनात ठरून गेलं. एकदा दोघेही घोरायला लागले, तेव्हा निकाल काही लावता आला नाही.

खरी पंचाईत जेवणाच्या वेळी होई. आमच्यात घरातल्या वडीलधाऱ्याने अन्नावर प्रार्थना करायची आणि त्याचं आमेन ऐकू आलं की बाकीच्यांनी घासाला हात घालायचा. सासरे आता सगळी प्रार्थना मनातच करत, आमेनसुद्धा. नाताळला जेवायला पाळकसाहेबांसकट दहा-बारा माणसं होती. सगळी माना खाली घालून बसली ती बसलीच. मटणाच्या रश्श्यावर तवंग गोठला. पाळकसाहेबांनी दोनदा खोकून पाहिलं. शेवटी सासरेच म्हणाले, ‘काऊन हो, कोनी जेवत काऊन नाही?’ त्यांचं केव्हाच आटोपलं होतं. लोक इतक्या भक्तिभावाने बसलेले बघून त्यांना ते मोडावंसं वाटलं नव्हतं.

या सगळ्या गमतीजमतीत सासूबाईंना कसं वाटतंय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. त्या मुळात अबोल. नवऱ्याच्या बोलण्यात त्यांना शिरायला फट अशी कधी मिळालीच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. बुलढाण्याला ऑपरेशन ठरलं. गाठ कसली आहे ते उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या सकाळी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, बांगड्या काढून माझ्या बायकोच्या हातात दिल्या, आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी त्यांनी सासऱ्यांचा हात धरला. ‘मले भेव लागून राह्यलं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमची ती पहिलेवाली प्रार्थना करा. मोठ्यानं करा. मले ऐकू आली पाह्यजे.’

सासऱ्यांनी तोंड उघडलं. ‘हे प्रभू’ एवढं आलं आणि पुढे घशातून नुसता वारा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. स्ट्रेचर ढकलणारा माणूस अदबीने थांबला होता. मला सासऱ्यांचा असा राग आला की काय सांगू. गावोगावच्या गुडघ्यांसाठी या माणसाने घसा फोडला, आणि स्वतःच्या बायकोने पहिल्यांदा काही मागितलं तर याला शब्द सापडेना.

 मग सासूबाईंनी स्वतःच डोळे मिटले. ‘देवा, हे भेले,’ त्या बोलू लागल्या. ‘माहं जाऊ दे, मी पडून राहीन. यायले सांभाळ. यायले बीपीची गोळी हातात द्या लागते, नाही तं घेत नाहीत. चष्मा कपाळावर अस्ते अन् घरभर शोधतेत. मी नसली तं यायच्यासंगं कोनी भांडनार नाही, मंग हे एकटे पडतीन. तेवढ्यासाठी मले वापस पाठव.’ त्यांची मोठ्याने केलेली प्रार्थना घरातल्या कुणीच कधी ऐकली नव्हती, त्यांच्या मुलीनेसुद्धा. मग दार लागलं.

गाठ साधी निघाली. हे कळायला दुपार झाली, आणि तोवर सासरे बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसून होते. माझा राग अजून पुरता गेला नव्हता. मी विचारलं, ‘मामाजी, इतका वेळ देवाले काही मांगतलं तरी का?’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘ध्यानच नाही लागलं. तिचंच कानात वाजून राह्यलं होतं. बेचाळीस साल झाले लग्नाले, जवाईबापू. तिचा आवाज मी आज ऐकला.’

मग त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, उठून दारातल्या नर्सपाशी गेले आणि तिला ‘काय?’ म्हणून दोनदा विचारावं लागेल इतक्या हळू आवाजात विचारलं, आत जाऊ देता का.