खटखटीतलं गुपचूप

‘गुपचूप’ म्हणजे आवाज न करता, हे कुणीही सांगेल. आमच्या सोलापुरातल्या विणकरांच्या गल्लीत मात्र सगळं उलटं! दिवसभर माग खटखटायचे, आणि एखादा थांबला की शेजारी माना वर करायचे. काही गुपचूप करायचं तर आवाज चालू ठेवूनच! नरसप्पांकडे मी सात वर्षं विणलं. कारखाना म्हणजे त्यांचं घरच, पुढच्या सोप्यात सहा माग. तिथले हे किस्से असेच साचत गेले.

मालक नरसप्पा पोटानं नाजूक. वैद्यांनी भजी बंद केलेली. एकदा ते मागावरून हळूच उठले, तोच आतून त्यांची बायको लक्ष्मक्का ओरडली, “भजी खाऊ नगासा!” चुलीपुढे बसून बाईनं सहांतला नवऱ्याचाच माग थांबलेला ओळखला होता! त्यानंतर जाताना ते मला आपल्या मागावर बसवायचे. फुकट नाही हं, माझी दोन भजी ठरलेली.

पुढे त्यांच्या लेकीला बघायला मंगळवेढ्याचे पाहुणे आले. ठरेपर्यंत बोभाटा नको, म्हणून माग चालूच. त्यात मुलाचे वडील कानानं कमी. ओरडून ओरडून नरसप्पा लाल झाले. तेवढ्यात गिरणीचा बाराचा भोंगा झाला, गल्लीतले सगळे माग जेवायला थांबले, आणि नरसप्पांची आरोळी एकटीच घुमली, “पोरगी पसंत हाय का?”

समोरच्या ओट्यावरून उत्तर आलं, “आमाला तर लई पसंत हाय की!”

मग तीस साली इंग्रजांचा लष्करी कायदा आला आणि हसणं बंद झालं. खादीची पांढरी टोपी दिसली तरी धरून नेत. अशात मोहोळचा गेनू, गिरणीतला कामगार, पत्रकं वाटताना पोलिसांच्या नजरेस पडला आणि धावत आमच्याकडे शिरला. सापडला तर तो तुरुंगात, आणि लपवलं म्हणून नरसप्पाही! आमचे माग खड्ड्याचे. विणकर काठावर बसून पाय खाली सोडतो. नरसप्पांनी गेनूला आपल्या खड्ड्यात ढकललं, वरून पाय सोडले आणि विणायला लागले.

गोरा साहेब दारात आला. सोबत वळसंगचा एक हवालदार. “माग बंद!”

सहाही माग थांबले. खाली गेनूला खोकला आला तर?

साहेबानं खड्ड्याकडे बोट दाखवलं. हवालदार गुडघ्यांवर बसला, नरसप्पांचे पाय बाजूला सारून आत डोकावला. बराच वेळ डोकावला. आतल्या दारात उभ्या लक्ष्मक्कानं डोळे मिटून घेतले.

“बिल्ली है, साब. बच्चे दिये हैं,” तो उठत म्हणाला.

साहेब बाहेर पडला. हवालदार उंबऱ्यावर थांबला आणि लक्ष्मक्काला हळूच म्हणाला, “अक्का, त्या मांजराला टोपी तेवढी काढायला सांगा.”