घाणीच्या पात्याची पाचर

अंगणात सून चुना विझवायला घालते आणि त्या उग्र, गरम वासाने माझं बसणं मोडतं. मी उठते, कुदळी-फावड्यांच्या पाचरी हलवून बघते, बसते, पुन्हा उठते. सून हसते. हसू दे.

कर्जतच्या पुढे, घाटाखाली आगगाडीच्या मोऱ्या बांधत होते, तेव्हा आम्ही नवराबायको चुना मळायच्या घाणीवर कामाला होतो. बैल गोल चरात दगडी चाक फिरवायचे. चाकाच्या पुढे लाकडी खाचेत बसवलेलं लोखंडी पातं चरातला चुना खरवडत जायचं. ते पातं धरून ठेवायची एक लाकडाची पाचर. ओली असली की फुगून घट्ट बसायची. पण आदल्या दिवशी अवस. अवसेला आमच्यात औताला कुणी हात लावत नाही, म्हणून घाणी बंद, त्यामुळे पाचरीवर दिवसभर पाणी पडलं नव्हतं.

सकाळी पातं खडखडायला लागलं. बैल चालते ठेवूनच हे वाकले आणि चरात हात घातला.

"हो रं, हो!" मी किंचाळले. बैल थांबले. चाक यांच्या मनगटाला टेकून उभं राहिलं.

"वरडतेस कशाला गं? मुकादम बघतोय, दिसत नाय तुला?"

सगळ्यांसमोर हे माझ्यावर ओरडले. किती वर्षं मला त्याचाच राग होता. आता मात्र पुढचंच दिसत राहतं. त्यांनी हातोडी उचलली, पण दोन्ही घाव पाचर सोडून खाचेवर पडले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली.