देवधरांच्या पथ्याचं पुस्तक

देवधरांना मधुमेहावर उपाय म्हणून आईस हॉकीच्या कप्तानाची प्रेमकथा मी दिली.

इरा, सुरुवात तू केलीस. सुट्टीत कोलकात्याला आलीस आणि जाताना ते पुस्तक उशीखाली विसरलीस. मुखपृष्ठावर दणकट तरुण, हातात हॉकीची काठी, अंगात शर्ट नाही. (बर्फावर!) मी ते केवळ कपाटात ठेवायला उचललं. भानावर आले तेव्हा एकशेदहाव्या पानावर होते आणि कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला होता.

गोष्ट साधीच. कॉलेजच्या संघाचा कप्तान खेळताना सगळ्यांना धक्के मारतो, पण त्याचा अभ्यास घेणाऱ्या अबोल मुलीला दर दहा पानांनी विचारतो, "जेवलीस का?" तिथेच मी विरघळले. तुमचे आजोबा सत्तेचाळीस वर्षं फक्त "जेवायला काय आहे?" एवढंच विचारत आलेत!

अडचण अशी, की आपल्या महाराष्ट्र मंडळाचं ग्रंथालय मी सांभाळते आणि 'थिल्लर कादंबऱ्या घेऊ नयेत' हा ठराव माझाच. म्हणून मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मधुमेह आणि आहार'. कोण उघडणार?

शेवटची चाळीस पानं उरली होती. कप्तानाचा गुडघा दुखावलेला, अंतिम सामना दुसऱ्या दिवशी, मुलगी रुसून गावी निघालेली! मी पोळ्या करायला उठले. तेवढ्यात आजोबांनी "तुझं काम हलकं करतो" म्हणत टेबलावरची कव्हर घातलेली सगळी पुस्तकं मंडळात नेऊन लावली. सगळी!

मी धावत पोचले, तर नोंदवहीत आजोबांचं अक्षर: 'मधुमेह आणि आहार. देवधर, खिदिरपूर.'

देवधर म्हणजे कस्टम्समधून निवृत्त झालेले, स्वतःचं हसूसुद्धा जप्त करून ठेवलेले गृहस्थ. नुकतीच साखर वाढलेली. मी फोन केला.

"देवधर, ते पुस्तक फार जुनं आहे हो. परत द्या."

"वाचतोय, वहिनी."

"रूक्ष असेल ना?"

"पथ्य कडक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आठवडा कसाबसा काढला आणि बेहाल्याच्या घरून देवधरांकडे निघाले. मेट्रोने माझेरहाट, पुढे ऑटो. दार देवधरबाईंनी उघडलं आणि मला आत ओढलंच.

"मालतीताई, यांना काहीतरी झालंय! रोज दुपारी विचारतात, 'जेवलीस का?' चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी घाबरून यांची साखर दोनदा तपासली!"

देवधर बाहेर आले. पुस्तक छातीशी.

"कुठल्यातरी वाह्यात मुलीनं हे मंडळात घुसडलेलं दिसतंय," मी कडक आवाजात म्हटलं. (इरा, माफ कर.)

"मुलीनं?" देवधरांनी पान उघडून समोर धरलं. समासात पेन्सिलीचे शेरे: 'आधी स्वेटर घाल!' 'परीक्षा कधी देणार?' 'हिच्या आईला माहीत आहे का?' आणि एके ठिकाणी, दोनदा अधोरेखित: 'किती गुणी मुलगा!'

"वहिनी, 'पुस्तक परत करा' अशा तुमच्या चिठ्ठ्या मला वीस वर्षं येतायत. अक्षर ओळखणार नाही?"

मला ऑटो पळवून हुगळीत घालावीशी वाटली. मग दिसलं, 'किती गुणी मुलगा'च्या खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सहमत.'

मी हात पुढे केला. "माझी चाळीसच पानं राहिलीत हो."

"जमणार नाही. ग्रंथालयाचा नियम चार. नंबर लावल्याशिवाय पुस्तक नाही. माझ्यानंतर हिचा नंबर. मग तुमच्याच घरी येतंय."

"माझ्याकडे?"

"छे! तुमच्या यजमानांनी कालच माझ्याकडे नाव नोंदवलंय."

तोवर बातमी मंडळभर पसरलेली; माझा नंबर सातवा. सध्या आजोबा खुर्चीत बसून ते वाचतायत आणि माझे शेरे वाचून खुदुखुदु हसतायत. मागून डोकावलं तर पुस्तक मिटतात. (नियम पाच: आपल्या नावावरचं पुस्तक घरच्यांनाही वाचायला देऊ नये.) काल दुपारी मात्र मान वर करून त्यांनी हळूच विचारलं, "जेवलीस का?"

मी चक्क लाजले. पण संधी सोडली नाही. "आधी सांगा, त्याचा गुडघा बरा होतो का?"

"नियम नऊ," ते म्हणाले. "पुढच्या वाचकाला शेवट सांगू नये."

हा नियम मंडळाच्या भिंतीवर लाल शाईत लावलाय. अक्षर अर्थात माझंच.